‘स्केप्टिक’ शब्दाची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें गांव बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एका लिंगाचें स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील देवळाशीं निगडित असलेली एक कथा मराठी माणूस लहानपणींच कीर्तनांत ऐकतो. गोरोबा कुंभारांनीं संतमंडळींचीं डोकीं थापटण्यानें ठोकून पाहिलीं, त्यांत नामदेवांचें मडकें कच्चें निघालें, आणि दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधांत या देवळांत आले. (कांहीं जण ही घटना बार्शीची सांगतात, पण नामदेवांचें जन्मग्राम म्हणून परंपरा जें नरसी गांव दाखविते, तें कयाधू नदीच्या कांठीं, याच जिल्ह्यांत आहे, आणि इकडील लोक कथा औंढ्याची म्हणूनच सांगतात.) गाभाऱ्यांत पाहतात तों एक म्हातारा शिवलिंगावर पाय टाकून खुशाल निजलेला! नामदेवांनीं त्याला हटकलें. म्हातारा शांतपणें म्हणाला कीं, बाबा, देव जेथें नसेल अशी जागा पाहून माझे पाय तेथें ठेव. नामदेव पाय उचलून जेथें जेथें ठेवूं लागले, तेथें तेथें खालीं लिंग उभें राहिलें. तो म्हातारा म्हणजे विसोबा खेचर.

कीर्तनकार बहुधा येथें गजर करतो. परंतु या विसोबांची स्वतःची पूर्वकथा आणखी मौजेची आहे. संतचरित्रांच्या परंपरेप्रमाणें आळंदीचे विसोबा चाटी हे ज्ञानदेवादि भावंडांचे कट्टर विरोधक होते. संन्याशाच्या पोरांच्या थोरवीच्या गोष्टी त्यांना सपशेल खोट्या वाटत. मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठीं खापर मिळूं नये म्हणून त्यांनीं कुंभारांना बजावून ठेवलें. मग पुढें काय होतें हें पाहावें म्हणून ते आडोशाला उभे राहिले. ज्ञानदेवांनीं जठराग्नि प्रदीप्त करून आपल्या पाठीवर मांडे भाजून घेतल्याचें त्यांनीं पाहिलें आणि त्यांचें मत पालटलें. ‘खेचर’ हें नांव त्यांना त्याच वेळीं मिळालें असें सांगतात. कोणी म्हणतात, ख म्हणजे आकाश, त्यांत संचार करणारा योगी तो खेचर; कोणी म्हणतात, हा तर सरळ खेचर, म्हणजे घोडा नव्हे आणि गाढवहि नव्हे असें जनावर! दोन्ही अर्थ मराठींत चालतात, आणि अशा माणसाला दोन्हीहि शोभतात.

ही कथा इतिहास म्हणून कोणी घेऊं नये. शब्दांच्या अभ्यासकाला मात्र ती फार उपयोगी आहे. आळंदीचे विसोबा हे नाकारणारे. औंढ्याचे विसोबा हे प्रश्न विचारून दुसऱ्याची पक्की समजूत हलविणारे. आणि या दोहोंच्या मध्यें आडोशाला उभे राहून निरखणारे एक तिसरे विसोबा आहेत. इंग्रजींतील ‘स्केप्टिक’ हा शब्द आजकाल या तिघांनाहि सर्रास लावला जातो. त्याचा मूळ अर्थ पाहूं गेल्यास तो केवळ त्या मधल्या, आडोशाला उभ्या असलेल्या विसोबांचा आहे.

शब्द ग्रीक आहे. त्या भाषेंत ‘स्केप्तेस्थाइ’ म्हणजे निरखून पाहणें, तपासणें, आणि ‘स्केप्तिकोस’ म्हणजे निरखून पाहणारा, शोध घेणारा. शंका, अविश्वास, नकार यांचा गंधहि मुळांत नाहीं. भाषाशास्त्रज्ञ याच्याहि मागें जाऊन सांगतात कीं, आर्यभाषांच्या मूळ पूर्वज-भाषेंत ‘पाहणें’ या अर्थाचा एक धातु होता. ग्रीकांनीं त्यांतील वर्णांची उलटापालट करून आपला शब्द केला, लॅटिनांत त्यापासून ‘इन्स्पेक्टर’ आला, आणि संस्कृतांत त्याच धातूपासून ‘पश्यति’ हें रूप, हेर या अर्थाचा ‘स्पश’ हा शब्द, आणि आपल्या रोजच्या बोलण्यांतला ‘स्पष्ट’ हा शब्द, असे सर्व उत्पन्न झाले. म्हणजे स्केप्टिक माणूस, पोलिस-खात्यांतील इन्स्पेक्टर आणि ‘स्पष्ट बोला’ म्हणणारा आजोबा हे एका कुळांतले ठरतात. नात्यागोत्याचा हा प्रकार ऐकून आजोबांना फारसें नवल वाटणार नाहीं.

या नांवाचा पंथ ज्याच्यापासून चालला, असें मानतात, तो एलिस गांवचा पिऱ्हो. याचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ३६० ते २७० असा धरतात. आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, हा पिऱ्हो शिकंदराच्या स्वारीबरोबर हिंदुस्थानांत आला होता. शिकंदर इ. स. पूर्वीं ३२६ मध्यें पंजाबांत उतरला. त्याच्या लव्याजम्यांत अनाक्सार्कस नांवाचा तत्त्वज्ञ होता, आणि त्याचा सोबती म्हणून पिऱ्हो. ग्रीक तत्त्वज्ञांचीं चरित्रें लिहिणारा डायोजेनिस लेअर्शियस सांगतो कीं, पिऱ्होची येथें ‘नग्न तत्त्वज्ञांशीं’ गांठ पडली आणि त्याचें तत्त्वज्ञान त्या सहवासांतून घडलें. ते दिगंबर साधु कोण होते, जैन होते कीं आजीवक होते कीं आणखी कोणी, यावर पंडितांचा वाद आहे, आणि पिऱ्होच्या मतांत बौद्ध विचार कितपत उतरला यावर तर अलीकडे अधिकच जोराचा वाद चालला आहे. पिऱ्होनें स्वतः एक ओळहि लिहून ठेवली नाहीं, त्यामुळें हा वाद लवकर मिटण्याचीं चिन्हें नाहींत. इतकें मात्र खरें कीं, बुद्धाच्या काळीं संजय बेलट्ठिपुत्त नांवाचा एक आचार्य आपल्याकडे होता, आणि परलोक आहे का, या प्रश्नाला तो ‘आहे’, ‘नाहीं’, ‘आहेहि आणि नाहींहि’ यांपैकीं कोणतेंच उत्तर देत नसे. बौद्ध ग्रंथकारांनीं त्याची गणना हातांतून निसटणाऱ्या वाम माशाप्रमाणें बोलणाऱ्यांत केली आहे. उपमा झोंबणारी आहे. ती प्रतिपक्षाची आहे हें ध्यानांत ठेवावें.

पिऱ्होविषयीं गोष्टीहि पुष्कळ आहेत. समोरून गाडी आली तरी ती आहे कीं नाहीं याविषयीं तो निर्णय देत नसे, म्हणून मित्रांना त्याला ओढून बाजूला घ्यावें लागे, असें एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, हें सारें खोटें. तो व्यवहारांत इतरांसारखाच जपून वागे, आणि जवळजवळ नव्वद वर्षें जगला. दुसऱ्याचें म्हणणें अधिक पटतें. गाड्यांखालीं जाणारा माणूस नव्वदीला पोचत नाहीं. एकदां वादळांत सांपडलेल्या जहाजावर सगळे उतारू भयभीत झाले असतां पिऱ्होनें एका कोपऱ्यांत निवांत खात असलेल्या डुकराकडे बोट दाखविलें आणि शहाण्यानें असें स्वस्थ असावें असें सुचविलें. निर्णयाची घाई सोडली कीं चित्ताला स्वास्थ्य येतें, हा या पंथाचा दावा होता, आणि तो त्या गोष्टींत नेमका उतरला आहे.

पंथाचें शास्त्र मात्र पांच शतकांनंतर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास, सेक्स्टस एम्पिरिकस यानें लिहून काढलें. हा धंद्यानें वैद्य होता. त्यानें शोधकांचे तीन वर्ग केले: सत्य सांपडलें असें म्हणणारे, सत्य सांपडणेंच शक्य नाहीं असें म्हणणारे, आणि अजून शोधीत असणारे. यांतल्या तिसऱ्यांनाच तो स्केप्टिक म्हणतो. ‘कांहींच कळणार नाहीं’ असें ठासून सांगणारा त्याच्या लेखीं स्केप्टिक नव्हे. तोहि एक हटवादीच. मध गोड लागतो हें तो नाकारीत नाहीं. मध स्वभावतःच गोड आहे काय, एवढाच त्याचा प्रश्न. कावीळ झालेल्याला सगळें पिवळें दिसतें ही आपली म्हण; सेक्स्टसहि कावीळ झालेल्या रोग्याचें हेंच उदाहरण देतो आणि विचारतो कीं, निरोगी डोळ्याला दिसतें तेंच खरें, हें ठरवावें कोणत्या डोळ्यानें? आपल्या युक्तिवादांना तो रेचकाची उपमा देतो: पोटांतील दोष बाहेर काढतांना औषधहि त्यांच्याबरोबर निघून जातें, तसे हे युक्तिवाद दुसऱ्याचा हट्ट घालवून स्वतःहि उरत नाहींत. ही उपमा वैद्यालाच सुचावी.

पुढें हजार-बाराशें वर्षें पश्चिम युरोप त्याला जवळजवळ विसरला. १५६२ सालीं आंरी एस्तिएननें त्याच्या ग्रंथाचें लॅटिन भाषांतर छापलें आणि एकदम खळबळ उडाली. धर्मसुधारणेच्या भांडणांत दोन्ही पक्षांना हें शस्त्र हवें होतें. माँतेन या फ्रेंच निबंधकारानें तें शांतपणें स्वतःवरच चालविलें; देकार्तनें १६४१ सालच्या आपल्या ग्रंथांत सर्व कांहीं संशयाच्या घावाखालीं घालून जें उरेल त्यावर ज्ञानाची इमारत बांधावी असें ठरविलें. येथून शब्दाची वाट बदलली. शोधक हा अर्थ मागें पडला आणि शंका घेणारा हा पुढें आला. शंका घ्यावयाची ती मुख्यतः धर्मावर, म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रज घरांत ‘स्केप्टिक’ म्हणजे चर्चला न जाणारा जावई, एवढाच अर्थ उरला. टी. एच. हक्स्ले याला १८६९ सालीं स्वतःसाठीं ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा नवा शब्द बनवावा लागला, यावरून जुने शब्द किती ओझ्याखालीं वांकले होते हें दिसून येतें.

हा शब्द मराठींत आणतांना पंडितांनीं ‘संशयवादी’ असें भाषांतर केलें, आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तें रूढ झालें. येथें थोडा घोटाळा आहे. संशय हा शब्द ‘शी’ म्हणजे निजणें या धातूपासून आला. मन दोन बाजूंच्या मध्यें लवंडून पडलेलें असणें म्हणजे संशय. ग्रीक शब्दांत माणूस उभा राहून निरखतो आहे, आपल्या शब्दांत तो आडवा झाला आहे. शिवाय संशयाची आपल्याकडील प्रतिष्ठा दुहेरी आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायांत संशयात्म्याचा नाश सांगितला आहे आणि तेवढेंच वचन लोकांच्या तोंडीं बसलें; पण ती सगळी गीता अर्जुनाच्या संशयांतून निघाली, हें सांगण्याची आठवण थोड्यांनाच राहते. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांचें ज्ञान आवश्यक म्हटलें आहे त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा क्रमांक संशयाचा आहे. अंधुक उजेडांत दिसतें तें झाडाचें खोड कीं माणूस, हें त्याचें नेहमींचें उदाहरण. नैयायिकांचें म्हणणें असें कीं, जें मुळींच ठाऊक नाहीं त्याचा विचार होऊं शकत नाहीं आणि जें ठरून गेलें त्याचा विचार करावा लागत नाहीं. विचाराचें काम संशयित वस्तूपुरतेंच. मीमांसकांच्या अधिकरणांत तर विषय मांडला कीं लगेच संशय मांडावा लागतो, त्यावांचून पूर्वपक्षहि नाहीं आणि सिद्धान्तहि नाहीं. शास्त्राच्या घरांत इतक्या मानाचें पान मिळालेला हा शब्द मराठी संसारांत आला आणि संशयी नवरा, संशयाचें भूत, संशयित आरोपी अशा संगतींत पडला. त्याच्या धाकट्या भावाला, ‘शंके’ला, तर लघु आणि दीर्घ होऊन देहधर्मापर्यंत उतरावें लागलें.

दुसरा शब्द नास्तिक. पाणिनीनें तो सिद्ध करून दाखविला तेव्हां, टीकाकार सांगतात त्याप्रमाणें, परलोक नाहीं असें मानणारा एवढाच त्याचा अर्थ होता. मनुस्मृतींत वेदांची निंदा करणाराला तें नांव मिळालें. आज ईश्वर न मानणारा तो नास्तिक. तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळून बोलण्याची संवय इतकी जडली आहे कीं, जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज नाहीं असें म्हणणारे कर्मठ मीमांसक हे मनूच्या मतें आस्तिक आणि आजच्या मतें नास्तिक ठरतात, हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

सर्वांत दुःखाची कहाणी ‘पाखंड’ या शब्दाची आहे. अशोकाच्या शिलालेखांत तो ‘पासंड’ या रूपानें येतो आणि त्याचा अर्थ पंथ, संप्रदाय, एवढाच आहे. स्वतःचा धरून कोणताहि. सातव्या लेखांत राजा सांगतो कीं, सर्व पासंडांनीं माझ्या राज्यांत सर्वत्र राहावें. बाराव्यांत सांगतो कीं, आपल्याच पासंडाची स्तुति आणि दुसऱ्याची निंदा करूं नये, दुसऱ्याचेंहि ऐकावें. अफगाणिस्तानांत कंदाहार येथें १९६३ सालीं अशोकाच्या लेखांचें ग्रीक भाषांतर सांपडलें. तेथील भाषांतरकारानें पासंड या शब्दासाठीं ‘दियात्रिबे’ असा शब्द योजला आहे, आणि ग्रीकांत तो तत्त्वज्ञांच्या विद्यापीठाला, गुरुशिष्यांच्या मंडळीला लावीत. म्हणजे पिऱ्होचे अनुयायी त्या काळीं कंदाहारास येऊन राहिले असते, तर त्यांना सरकारी भाषेंत पाखंडी म्हटलें गेलें असतें, आणि तो मान असता! पुढें कांहीं शतकांनीं मनुस्मृति राजाला सांगते कीं, पाखंड्यांना नगराबाहेर हांकलून द्यावें. शब्द तोच, अशोकानें ज्यांना बोलावून घेतलें त्यांनाच आतां वेशीबाहेरची वाट दाखविली जात होती. नंतरच्या काळांत वेदांचें खंडन करणारा तो पाखंड अशी व्युत्पत्तीहि रचली गेली. कल्पना चतुर, पण भाषाशास्त्राला मान्य न होणारी. आज तर शब्दानें आणखी एक कोलांटी घेतली आहे: भोळ्या लोकांना फसविणाऱ्या बुवाला आपण पाखंडी म्हणतों. पूर्वीं प्रश्न करणारा पाखंडी होता, आतां ज्याच्याविषयीं प्रश्न करावा तो पाखंडी आहे.

शब्दांची ही ओढाताण केवळ कोशांत होत नाहीं. गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढलें. मिल्ल-स्पेन्सर वाचलेल्या या माणसाचा आग्रह एवढाच होता कीं, रूढि जुनी आहे म्हणून ती खरी किंवा हितकर ठरत नाहीं. ती तपासून पाहावी. त्यांची हयातींतच पुण्यांत प्रेतयात्रा काढण्यांत आली, आणि ती पाहणें त्यांच्या नशिबीं आलें. १८९५ सालीं ते वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं वारले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं १९८९ सालीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन केली आणि चमत्कार करून दाखविण्याचें आव्हान उघडपणें दिलें. पाठीवर मांडे भाजून दाखवा, आम्ही पाहण्यास तयार आहों, अशा थाटाचा हा आडोशाबाहेरचा विसोबा होता. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत सकाळीं फिरावयास गेले असतां त्यांचा गोळ्या घालून खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठीं ते वर्षानुवर्षें खटपट करीत होते, तो त्याच वर्षीं झाला. अशा माणसाला आपल्या भाषेंत कोणत्या नांवानें हांक मारावयाची हा प्रश्न, यावरून, केवळ पंडितांच्या करमणुकीचा नाहीं असें दिसेल.

इकडे इंग्रजींत गंगा उलटी वाहूं लागली. अमेरिकेंत १९७६ पासून चमत्कारांची तपासणी करणाऱ्या मंडळींनीं स्केप्टिक हें बिरुद अभिमानानें मिरवावयास सुरुवात केली. आणि त्यांचें पाहून, तपासणीला मुळींच उभे न राहणारेहि तें नांव लावूं लागले. पृथ्वीचें तापमान मनुष्याच्या व्यवहारांमुळें वाढत आहे हें पुराव्यानें सिद्ध झाल्यावरहि तें नाकारणारे स्वतःला ‘हवामान-स्केप्टिक’ म्हणवीत. त्यावर जुन्या स्केप्टिकांनीं तक्रार केली, आणि २०१५ सालीं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनें आपल्या लेखकांना त्या लोकांसाठीं हा शब्द न वापरण्याची सूचना दिली. सेक्स्टसचे तीन वर्ग वृत्तसंस्थेच्या कचेरींत असे एकदां उपयोगी पडले.

मराठींत या अर्थाचा नेमका शब्द नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणें, यापासून झालेले परीक्षक आणि समीक्षक हे ग्रीक शब्दाचे सरळ प्रतिबिंब आहेत. दुर्दैवानें एकाला शाळेनें नेलें आणि दुसऱ्याला साहित्यानें. याहून जवळचा शब्द चिकित्सक. लक्ष देऊन जाणणें या अर्थाच्या धातूचें हें इच्छार्थक रूप. त्यापासून रोग्याकडे लक्ष पुरविणें ती चिकित्सा झाली, आणि ‘वि’ लागून विचिकित्सा म्हणजे संशय झाला. कठोपनिषदांत नचिकेता यमाला मेलेल्या माणसाविषयीं जें विचारतो तें या विचिकित्सेपोटींच. बौद्धांनीं तिला चित्ताच्या पांच आवरणांत ढकललें, तरी कालामांच्या गांवीं बुद्धानें, ऐकीव गोष्टीविषयीं तुम्हांला शंका यावी हें योग्यच आहे, असेंहि सांगितलें. शोध, संशय आणि वैद्यकी या तिन्ही गोष्टी एका धातूंत बसलेला हा शब्द वैद्य असलेल्या सेक्स्टसला फार आवडला असता. व्यवहारांत मात्र चिकित्सक म्हणजे नसती खुसपटें काढणारा असें आपण समजतों. मंडईंत मेथीची जुडी उलटीपालटी करून, आंतलीं पानें सडकीं नाहींत ना हें निरखणाऱ्या गिऱ्हाइकाला भाजीवाली वैतागून ‘फार चिकित्सक बाई’ म्हणते. अथेन्सच्या बाजारांत असती तर तिला नेमका तोच शब्द वापरावा लागला असता.